कढईचे तीन ठोके

म्हाकू सरगराच्या गारा दरवर्षी थोड्या थोड्या वाढत होत्या.

पडल्या तेव्हा त्या बोराएवढ्या होत्या. हे ठकूबाईला पक्कं ठाऊक, कारण तिनं त्या स्वतःच्या डोक्यावर झेलल्या होत्या. थोरल्याच्या बारशापर्यंत त्या लिंबाएवढ्या झाल्या. धाकटीच्या लग्नात, मांडवाखाली, पेरूएवढ्या. आणि गेल्या जत्रेत म्हाकूनं दोन्ही हातांनी जो आकार दाखवला तो सरळ सोललेल्या नारळाचा होता.

"आभाळ फाटलं की रं! चारशे मेंढरं, चारी वाटांनी उधळली. म्या एकटा, डोक्यावर घोंगडं. हुबा ऱ्हायलो माळाच्या मधोमध आन् घातली शीळ. अशी शीळ, की गारा जाग्यावर थबकल्या!"

"हवेत?"

"हवेतच. मेंढरं ओघळीत शिरस्तवर एक गार खाली आली न्हाय. शिरली, मग पडल्या सगळ्या एकदम."

तरसवाडीत म्हाकूच्या थापा हा एक चांगला वेळ जाण्याचा मार्ग होता आणि कुणी त्याला अडवत नसे. पण थापेतून थाप काढत गेलं तरी तळाशी एक गोष्ट उरतेच, असं सगळे धरून चालत. गारपीट झाली होती हे खरं. मेंढरं वाचली हे खरं. शीळ गावानं ऐकली होती. तेव्हा म्हाकूनं शीळ घालून कळप वाचवला, एवढं तरी खरंच.

आणि नेमकं तेवढंच खोटं होतं.

खरं असं, की गारा सुरू होताच बावीस वर्षांचा म्हाकू बिरोबाच्या देवळापुढं पालथी घातलेली जत्रेची कढई एका बाजूनं उचलून तिच्याखाली शिरला. कढई म्हणजे दोन बोकडांचं मटण एका वेळी शिजेल एवढी. तो आत शिरला आणि कढई त्याच्यावर बसली. बाहेर राहिली सात आठवड्यांची नवरी, ठकू. तिनं हाका मारल्या. पण लोखंडावर गारांचा असा ताशा चालला होता, की आत काय ऐकू येणार? कळप लांडगा शिरल्यासारखा फुटला. तेव्हा तिनं दोन बोटं तोंडात घातली.

ती शीळ ती लहानपणी बापामागं हिंडताना चोरून शिकली होती. आई सांगायची, पोरीनं शीळ घालू नये, लांडगा येतो. म्हणून कधी मोठ्यानं घातली नव्हती. त्या दिवशी घातली, आणि भीतीनं मधेच श्वास तुटला तशी पुन्हा वरच्या सुरात उडी मारून पुरी केली. मेंढरांनी कान टवकारले आणि माळ उतरून ओघळीच्या कडेखाली शिरली.

गारा थांबल्या. ऊन पडलं. कढई आतून म्हणाली, "थांबल्या का गं गारा?"

ठकूनं उन्हात चमकणाऱ्या गारांकडं पाहिलं. "अजून न्हाय. बसा जरा."

आणि दगडावर बसून तिनं चांगला दम खाल्ला. मग काठीनं कढई उचलली. तेवढ्यात गाव धावत आलं, सासू सगळ्यांच्या पुढं. "शीळ कुनाची? शीळ कुनी घातली?" ठकूची मान खाली गेली. म्हाकूनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि म्हणाला, "माझी."

वाचवायलाच म्हणाला होता. पण थाप लोणच्यासारखी मुरते. दुसऱ्या वर्षी त्याला स्वतःलाच ती पटू लागली. तेव्हा ठकूनं एक उपाय काढला. कळप घेऊन देवळावरून जाताना म्हाकू कुणापुढं फुगायला लागला, की ती खडा उचलून कढईवर तीन ठोके द्यायची. टण्, टण्, टण्. म्हाकू वाक्याच्या मधेच गप्प. मग ती त्याच्या पाठीमागं उभी राहून तीच, मधे तुटणारी शीळ घालायची आणि मेंढरं वळायची. लांबून बघणाऱ्याला वाटे, ठोका देवाला आणि शीळ म्हाकूची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. संसारात नवराबायकोची एखादी भाषा अशी होते, की ती तिसऱ्याला कळत नाही.

तिसऱ्याला म्हणजे माणसाला. पाखरांचा विचार कुणी केला होता?

मग ड्रोन आले. मेंढरांच्या गळ्यात पट्टे बसले, आणि ठकूबाईची सून अर्चना ओट्यावर बसून, मांडीवर पडदा ठेवून, एका बोटानं अख्खा कळप वळवू लागली. म्हातारा-म्हातारी घरी बसली. बारा वर्षं तरसवाडीच्या माळावर माणसानं शीळ घातली नाही.

अशात त्या माळावर कुणाचा तरी डोळा पडणारच होता. अकराशे एकर, ऊन फुकट. काचेच्या पट्ट्या अंथरून वीज काढायची योजना आली आणि कुंपणाच्या खुणा पडू लागल्या. प्रकरण वर गेलं तेव्हा असं ठरलं, की ज्या घराण्याची चराई दोन पिढ्यांपासून सिद्ध होईल त्याच्या नावानं माळ राहील, नाहीतर कुंपण. आता मेंढक्याकडं कागद कुठला? तो चालत असतो. आणि साक्षीदार म्हणाल, तर तरसवाडीत चहाच्या एका कपावर कुणीही कुणाच्याही आज्याला ओळखत असे.

म्हणून माळरान मंडळानं डॉक्टर उल्का रणनवरेंना पाठवलं. डॉक्टर पाखरांच्या. उन्हानं रापलेल्या, भराभर चालणाऱ्या बाई. त्यांनी माळावर आवाज टिपणारे, वाटाण्याएवढे चारशे कान पेरले आणि वर्षभर चंडोलांचं गाणं गोळा केलं.

गावाला हसू आलं. चंडोल! चिमणीहून जरा मोठा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर शेंडी. झाडावर बसत नाही, कारण त्याच्या माळावर झाड नाही. दगडावर बसतो, तुरुतुरु पळतो, गवताच्या बुडख्याशी जमिनीवरच घरटं करतो. तो काय साक्ष देणार?

डॉक्टरबाईंनी देवळापुढं सगळ्यांना बसवून सांगितलं. "हे पाखरू नकल्या आहे. टिटवी, कोतवाल, शिक्रा, ज्याचा आवाज रोज कानावर पडतो तो घेतो. मेंढक्याची शीळही घेतो. दर उन्हाळ्यात तरणा नर शेजारच्या नरांकडून गाणं शिकतो आणि पुढच्याला देतो. जुन्या काळी पोथ्या नकलून काढायचे ना? एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. प्रत्येकाच्या हातून एखादी चूक व्हायची. सगळ्या नकला शेजारी शेजारी ठेवल्या, की कुठली चूक कधी शिरली ते कळतं, आणि चुका काढत गेलं की मूळ पोथी वर येते. माझं हे यंत्र, माझी गाळणी, तेच करते. चुका मोजून वर्षं सांगते, आणि मूळ शीळ जशी घातली होती तशी ऐकवते."

"मग आमाला कशी ऐकू येत न्हाय?" धुळा कोळेकरानं विचारलं. धुळा हा माळाचा दुसरा दावेदार. तोंड गोड, डोळे चौकस.

"तो फार घाईत आणि फार बारीक म्हणतो. तुमची अख्खी शीळ त्याच्या एका चिवचिवाटात असते. पण एकदा ओळखता आली, की मग ऐकू येत राहते. पुसता येत नाही."

त्या दिवसापासून गाव माळावर जपून वागू लागलं. शिरपतीची आणि त्याच्या भावजयीची भांडणं माळावरून घरात आली. कॉलेजात जाणारी एक जोडी गवतातून उठून एस.टी. स्टँडवर बसू लागली. एक जण तर खोकायलासुद्धा घरी येई.

आणि धुळानं, कान पेरले जात होते तेव्हाच, कुणाला न सांगता, माळावर बारा भोंगे बसवून आपल्या बापाची शीळ पहाटे आणि संध्याकाळी वाजवायला सुरुवात केली होती.

सुनावणीला आठ दिवस उरले तेव्हा डॉक्टरबाई सरगरांच्या ओट्यावर आल्या. अर्चनानं त्यांना आणि म्हाकूला चहा दिला. ठकूबाई उंबऱ्याशी परातीत पीठ मळत होती.

"माळावर एक फार जुनी शीळ सापडली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चोवीस पिढ्यांमागची. पन्नास वर्षं धरा. वर्षानुवर्षं ती पुन्हा पुन्हा भरली गेली आणि बारा वर्षांपूर्वी थांबली. गाव सांगतं, ती तुमची. ऐका."

त्यांनी हातातल्या आवाजाच्या डबीवर बोट ठेवलं.

टण्, टण्, टण्. आणि शीळ. लांब, चढती. मधे श्वास तुटला. मग वर उडी.

म्हाकूच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. ठकूबाईची बोटं पिठात रुतली ती तशीच राहिली. सतरा वर्षांची एक पोर गारांत उभी होती आणि तिचा धाप लागलेला श्वास ओट्यावर सगळ्यांना ऐकू येत होता.

"हे तीन ठोके कशाचे असावेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ते..." म्हाकू म्हणाला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याला पुढं सुचलं नाही.

"आत्ता नका सांगू. सुनावणीत सांगा. ठोके मी दुसऱ्या कुणाला ऐकवलेले नाहीत. शीळ काय, कुणी ऐकून उचलेल. पण ठोक्यांची हकिकत ज्याची शीळ त्यालाच माहीत असणार. शीळ यंत्रापुढं घालायची आणि हकिकत सांगायची. जुळली तर माळ शीळवाल्याच्या नावावर. खोटी निघाली तर दावा रद्द, कुंपण." त्या उठल्या, मग थांबल्या. "आणखी एक. गाळणी म्हणते, घालणाऱ्याचं तोंड लहान होतं."

"तवा माझं तोंड ल्हानच हुतं," म्हाकू घाईनं म्हणाला.

"मग वाढलं," ठकूबाई परातीकडं बघत म्हणाली.

ते आठ दिवस घरात कुणाला बूड टेकवता आलं नाही.

म्हाकू न्हाणीघरात कोंडून घेऊन शीळ घालायला बघे. नुसती फुस्स. बाहेर कुत्रं मान तिरकी करून ऐके आणि निघून जाई. तो पाणी ओतून आवाज झाकायचा, मग पुन्हा फुस्स. दिवसातून चार वेळा अंघोळ करणारा म्हातारा बघून अर्चनानं विचारलं, "मामंजी, अंगावर काय उठलंय का?"

ठकूबाई घरात टिकेना. चूल पेटवली की विझवून उठायची. सुपात दाणे घेतले की तसेच ठेवायची. माळावर जायची आणि माळावर गेलं की तिथंही पाय ठरायचा नाही, कारण डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं होतं. एकदा ओळखलं ते पुसता येईना. या दगडावरून चिव् चिव् चिव् आणि एक बारीक चढती ओळ. त्या दगडावरून तेच. वर पंख फडफडवत अधांतरी लटकलेला चंडोल तेच. अख्खा माळ तिची गोष्ट सांगत होता, वरून सांगत होता, पायाखालून पळत पळत सांगत होता. तिला वाटे, पदर फिरवून सगळ्यांना उडवून लावावं. आणि लगेच वाटे, नको, एकदा आणखी म्हण रे.

तिसऱ्या दिवशी तिनं इकडंतिकडं बघितलं आणि दोन बोटं तोंडात घातली. कवळी आड आली. तिनं कवळी काढून पदरात बांधली आणि पुन्हा फुंकर मारली. हवा. पुन्हा. हवा आणि थुंकी. चौथ्यांदा कुठूनतरी एक फाटका सूर निघाला. मधे श्वास तुटला. पुढची उडी तिला आठवेना.

समोरच्या दगडावर बसलेल्या शेंडीवाल्यानं मान वाकडी केली आणि ती उडी मारून दाखवली.

"आगं बया," ठकूबाई म्हणाली. "माझीच मला शिकीवतोस व्हय?"

चार दिवस ती त्याच्यापुढं उभी राहिली. पाचव्या दिवशी शीळ निघाली तेव्हा लांब चरणारा सगळा कळप थांबला. मेंढरांनी माना वर केल्या. पट्ट्यांत काही वाजलं नव्हतं, तरी ती वळली.

आणि मागून अर्चना म्हणाली, "आत्याबाई."

पडदा काखेत, ड्रोन डोक्यावर घिरट्या घालतोय. तिनं सगळं बघितलं होतं.

"मामंजींची न्हवं ती शीळ. तुमची हाय."

ठकूबाईनं कवळी चाचपली. "कुनापाशी बोलू नगं."

"का म्हनून? बोलला न्हाईत तर माळ जातोय. म्या दोन पोरं घिऊन काचेच्या पट्ट्या पुसायला जाऊ का?"

"आन् बोलले तर ह्यांचं काय? त्र्याहत्तर वर्सांचा माणूस. सगळी जिंदगी त्येच एक सांगत आलाय. जत्रंत पोरं आधी त्येंच्या भवती बसत्यात, मग पाळन्यात. सगळ्या गावापुढं त्येंच्या तोंडातनं ती गोष्ट काढून घिऊ?"

"आन् तुमच्या तोंडातनं काढून घेतली ती?"

ठकूबाई पदरातली कवळीची गाठ सोडू लागली. हाच प्रश्न ती पीठ मळताना, आणि उन्हात डोकं तापलं की, स्वतःला विचारत आली होती. आणि दर वेळी तिनं तीन ठोक्यांवर भागवलं होतं.

त्या संध्याकाळी म्हाकू तिच्यापुढं उकिडवा बसला. बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढल्या.

"ठके, येक इचार हाय. तू घोंगडं घिऊन माझ्या मागं हुबी ऱ्हा. म्या बोटं तोंडात घालतो. शीळ तू घाल. ठोक्यांचं म्या बघतो काय सांगायचं ते. येक नंबर गोष्ट हाय माझ्याकडं. देवाला ठोका. गारांचा कौल."

"यंत्राला कळलं तर?"

"यंत्राला डोळं न्हाईत, कानच हाईत. आन् आपन हे नवीन करतोय व्हय? सगळा जलम तसंच केलं की."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. गाल बसलेले, डोळ्यांत अजून तो कढईखालचा पोरगा. तिला राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी. "बरं," ती म्हणाली, आणि उठून उगाचच दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

सुनावणीला अख्खं गाव देवळापुढं जमलं. मंडळाचे गुळवणी साहेब टेबलामागं, शेजारी डॉक्टरबाई आणि त्यांची गाळणी, तिच्यावर एक काटा शंभरपर्यंत जाणारा. कढई नेहमीच्या जागी पालथी पडलेली. तिच्यावर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या.

धुळाला आधी बोलावलं. त्यानं बापाची शीळ छान घातली. काटा नव्वदला गेला आणि कोळेकरांकडच्यांनी शिट्ट्या मारल्या.

"जुळते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माळावर ही शीळ भरपूर आहे. पण पोथीत चुका जवळजवळ नाहीतच. एका पिढीत जेवढ्या व्हाव्यात तेवढ्याच. म्हणजे पाखरांनी ती दोन उन्हाळ्यांपूर्वी शिकली. आणि धुळाजी, शिळेच्या मागं दर वेळी एक खरखर येते. चंडोल तीही म्हणतात. भोंग्याची."

माळभर हशा पिकला. धुळा खाली बसला आणि चपलेतला खडा शोधू लागला.

मग म्हाकू सरगर. तो ऐटीत उभा राहिला. मागं ठकूबाई, डोक्यावरून घोंगडं, हातात कवळी घट्ट धरलेली. म्हाकूनं दोन बोटं तोंडात घातली, छाती फुगवली. घोंगड्याखालून शीळ निघाली, चढली, तुटली, उडी मारून पुरी झाली. काटा त्र्याण्णवला जाऊन थरथरत राहिला. गावानं टाळ्या वाजवल्या. अर्चनानं वाजवल्या नाहीत.

"आता ठोके," गुळवणी साहेब म्हणाले. "तीन ठोके कशाचे?"

म्हाकूनं घसा साफ केला. "त्याचं असं साहेब. आभाळ फाटलं. गारा ह्या येवढ्या. आठशे मेंढरं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गेल्या साली चारशे हुती!" म्हाकू थांबला नाही. "म्या एकटा. बिरोबाला म्हनलं, देवा, आज तू न्हाईतर म्या. आन् ह्या हातानं, ह्याच हातानं..."

त्याचा हात वर गेला होता. डोळे पेटले होते. ठकूबाईला घोंगड्याखाली गुदमरत होतं. तिच्या हाताशी खडा नव्हता. आणि असता तरी आज ती मारणार नव्हती.

देवळाच्या कट्ट्यावरचा चंडोल म्हणाला, चिव्, चिव्, चिव्.

कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं फक्त दोघांचं. म्हाकू वाक्याच्या मधेच गप्प झाला. हात वर तसाच. पन्नास वर्षांची सवय. तीन ठोके पडले की जीभ आपोआप टाळूला.

"पुढं?" साहेब म्हणाले.

म्हाकूनं हात खाली घेतला. एकदा मागं वळून घोंगड्याकडं पाहिलं.

"पुढं काय न्हाय साहेब. म्या कढईखाली हुतो."

"काय?"

"ह्याच कढईखाली. गारा बोराएवढ्या हुत्या. मेंढरं एकशेदहा. शीळ हिनं घातली, माझ्या बायकूनं. आत्तासुदिक तिनंच घातली. म्या नुसती बोटं चोखली. ठोके पन तिचेच. म्या लय फुगलो की ती मला गप करायला मारायची."

आणि मग तरसवाडी असं हसली, असं हसली, की माळावरचे सगळे चंडोल एकदम उडाले. शिरपती डोळे पुसत म्हणाला, "म्हाकूबा, आजवरची येक नंबर थाप! कढईखाली! आन् म्हनं, ठकूआक्का शीळ घालतीया!"

"खरं सांगतोय रं!" म्हाकू ओरडला. "आईशप्पत खरं हाय!" तसं आणखी हसू.

गुळवणी साहेबांनी कागद आवरले. "एकाच तोंडून दोन जबान्या. दावा रद्द करावा लागेल."

"कढईत माणूस तरी मावतो का?" मागून धुळा म्हणाला.

म्हाकूनं त्याच्याकडं पाहिलं. पटका काढला, कढईवरच्या चपला खाली ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसला. "चौघं या. उचला."

"मामंजी, गुडघं!" अर्चना म्हणाली.

"उचला म्हनतो ना!"

चौघांनी कढई उचलली. म्हातारा पोटाशी पाय घेऊन आत सरकला. पोट थोडं अडलं, मग तेही गेलं. कढई बसली. मावला.

आता कुणी हसेना. उन्हात काळी कढई आणि तिच्याखाली म्हाकू सरगर. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि शीळ तर तो घालूच शकत नव्हता.

ठकूबाईनं घोंगडं डोक्यावरून काढलं. सगळा माळ तिच्याकडं बघत होता. तिला वाटलं, पळत सुटावं, ओघळीत शिरावं. पण पाय दुसरीकडंच चालू लागले. ती कढईपाशी आली. कवळी सुनेच्या हातात दिली. खडा उचलला.

टण्. टण्. टण्.

आणि दोन बोटं तोंडात घालून, उघड्या तोंडानं, उघड्या डोक्यानं, तिनं शीळ घातली. श्वास तुटला तो खराच तुटला. वरची उडी मारली. घोंगड्याखाली दाबली गेलेली शीळ आता मोकळी होती. काटा त्र्याण्णव ओलांडून शंभराला भिडला आणि तिथंच चिकटला. अर्चनाचा कळप, दीड मैलावरचा, वळला. आणि माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडादगडावरून, चंडोल बोलले. चिव् चिव् चिव् आणि चढती ओळ. या वेळी सगळ्या गावाला ऐकू आलं. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या तसं, गावाला ते पुन्हा कधी पुसता आलं नाही.

सगळ्यात मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "लांडगा काय आला न्हाय बया अजून." आणि बायका हसल्या.

गुळवणी साहेब डॉक्टरबाईंकडं वळले. "पण पहिली शीळ फसवून घातली होती. मंडळाला फसवलं."

"साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या, "शीळ कुणाची ते शोधायचं होतं. दोन्ही वेळा एकाच बाईची निघाली. यापेक्षा जुळणारी जबानी मी तरी पाहिली नाही."

साहेबांनी पेन उघडलं. "दावेदाराचं नाव?"

"ठकूबाई म्हाकू सरगर," ती म्हणाली. नाव सांगताना तिचा आवाज नवरीसारखा बारीक झाला, म्हणून तिनं पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं. साहेब लिहीत गेले. अकराशे एकर, चराई, वारसांसह.

तेवढ्यात कढई बोलली. आतून, दबलेली, पन्नास वर्षांपूर्वी बोलली होती तशीच.

"थांबल्या का गं गारा?"

चौघं कढई उचलायला वाकले. ठकूबाईनं हातानं त्यांना मागं सारलं. पदर सावरून ती शेजारच्या दगडावर बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचं बूड टेकलं होतं. तिनं माळाकडं पाहिलं. ऊन चमकत होतं, कळप येत होता, आणि एक शेंडीवाला तिच्या पायापासून हातभर अंतरावर तुरुतुरु पळून गेला.

"अजून न्हाय," ती म्हणाली. "बसा जरा."